ढिली फायरवॉल

खोट्या आवाजांच्या फोनवर माल सोडून सांगलीतले कितीतरी हळद-व्यापारी बुडाले, तेव्हा धनपाल मगदूमनं पेढीसाठी सगळ्यात कडक फायरवॉल निवडली. बोलणारं माणूस नसेल, तर ती फोन आतच येऊ देत नसे.

ती बसवली त्याच दिवशी दुपारी त्यानं डबा उघडला, पण गावाहून आईचा रोजचा फोन आला नाही.

इंजिनीअर रेश्मा मुजावरनं पडद्यावर पाहिलं. "अण्णा, तो फायरवॉलनं अडवलाय. महिनाभराची रेकॉर्डिंग तपासून म्हणते, आईंचे सगळेच फोन खोटे होते."

धनपालचा घास हातातच राहिला. गावी फोन लावायचा त्याला धीर होईना.

"ही काढा," तो म्हणाला. "जरा ढिली बसवा."

तिनं ती बदलली, तोच फोन वाजला. आईचाच आवाज होता.

"घास हातात धरून काय बसलास? जेव. ती कडक काढलीस, बरं केलंस."