भिवाजीचा मोझार्ट

भिवाजीच्या दहाव्याला पाताळगंगेच्या काठावर पिंडाला काही केल्या कावळा शिवेना. मुलगा म्हणाला, "बाबा, आईला अंतर देणार नाय." भाऊ म्हणाला, "बांधाचा वाद मिटवतो." समोरच्या जांभळीवरचे कावळे ढिम्म हलले नाहीत. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायला घेणार, तेवढ्यात नामा पुढं झाला.

खोपोलीच्या वीजकेंद्रात नामा आणि भिवाजी एकाच पाळीला. मायदेशी परतणाऱ्या साहेबानं आपला फोनो आणि सिंफनीच्या तबकड्या भिवाजीला देऊन टाकल्या, त्या दिवसापासून दोघांचा वाद चालू होता. भिवाजीला मोझार्ट मोठा, नामाला बीथोव्हन. गावात त्या दोघांखेरीज कुणाला ही नावंसुद्धा ठाऊक नव्हती.

नामानं हात जोडले. "तुझंच खरं रं, भिवा. मोझार्टच मोठा."

कावळे बसूनच राहिले.

नामा जरा घुटमळला आणि एकदम खेकसला, "खोटं बोललो! बीथोव्हनच मोठा. तुझा मोझार्ट म्हंजे नुसता गुळाचा खडा. हिंमत हाय तर ये खाली!"

तसा एक कावळा झेपावला, पिंडाला चोच मारून उडून गेला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि माणसं घराकडे वळली.

नामा मात्र तिथंच उभा राहिला. इतकं बोललेलं भिवाजीनं कधी मुकाट ऐकून घेतलं नव्हतं.