गाण्याच्या शेवटचं हसू

वारलेल्या वडिलांच्या कपाटात सापडलेली रेकॉर्ड चिनात्सुने योकोहामातल्या एका जुन्या दुकानात लावायला दिली. बास गिटार घुमली तशी दुकानातली दोन कॉलेजची पोरं जागच्या जागी नाचायला लागली. गाणं संपता संपता त्यात कुणीतरी खदाखदा हसलं.

"हसला ना, तो आमचा कागेयामा! बास वाजवायचा," म्हातारे दुकानदार म्हणाले. "मी होतो तेव्हा स्टुडिओत. एकदा रंगात आला की आवरायचा नाही."

कागेयामा म्हणजे तिचे बाबा. विमा कंपनीत पस्तीस वर्षं मान खाली घालून काम केलेल्या त्यांना चिनात्सुने असं हसताना कधीच ऐकलं नव्हतं.

"मग वाजवणं का सोडलं त्यांनी?"

"बायकोला दिवस गेले. म्हणाला, आता पक्की नोकरी बघायला हवी."

"आजोबा, परत लावा ना!" पोरं ओरडली.

चिनात्सु बाबांची एकुलती एक मुलगी होती.