माहेरचं तळं

रविवारी मासे धरायला कुठल्या तळ्यावर जावं म्हणून मुलगा आणि जावई फोनमध्ये डोकं खुपसून बसले होते. मासे हे दोघं आणणार आणि खवलं काढत बसणार मी. म्हणून मीच ठसक्यात सांगितलं, "त्या फोनला काय कळतंय? माझ्या माहेरच्या तळ्यावर जा. नुसता हात घातला तरी मासा लागतो."

त्या तळ्यात मासा सोडा, बेडूकसुद्धा नाही.

संध्याकाळी जावयानं ओट्यावर भलीमोठी पिशवी रिकामी केली. "आई, मानलं तुमच्या तळ्याला. गळ टाकायची खोटी, की मासा हजर."

समोर चाळीस बांगडे पडले होते. सगळे समुद्राचे, बाजारातल्या बर्फासकट.

मी सुरी उचलली आणि म्हणाले, "सांगितलं नव्हतं मी?"