जबाबदार माणूस

रिकाम्या घरात एकच खुर्ची होती. मालकांनी तिच्यावर टेम्पोवाल्याला बसवलं, पंखा लावला आणि विचारलं, "राहणार कोण कोण?"

टेम्पोवाल्याने मागे वळून पाहिलं. घर जिला हवं होतं ती गुरांची डॉक्टर खोलीच्या मधोमध उभीच होती.

"मी आणि माझी आई," ती म्हणाली.

"बरं, बरं," मालक टेम्पोवाल्याला म्हणाले.

घर फोनवर ठरलं होतं. दवाखान्यातल्या शिपायाने 'आमचे नवे डॉक्टर' म्हणून शब्द टाकला, आणि मालक एका पायावर तयार झाले. हे डॉक्टर बाई निघतील असं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. आता जुनं घर सोडून झालं होतं, सगळा संसार खाली टेम्पोत होता, आणि दुखरे गुडघे घेऊन आई पुढच्या सीटवर ताटकळली होती.

हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर. दाखवायला असं कितीसं घर ते! तरी मालकांनी तेवढं घर दोघांत वाटून दाखवलं. डॉक्टरच्या वाट्याला ओटा आला. मीटर, पाण्याची मोटर, गच्चीचं कुलूप टेम्पोवाल्याच्या. त्या बिचाऱ्याला कपाट वर आणायची घाई, पण तो आपला मान डोलवत होता.

"फाटक नऊला बंद होतं," मालकांनी त्याला बजावलं.

"मला रात्री-अपरात्री जावं लागेल," डॉक्टर म्हणाली. "अडलेली गाय सकाळपर्यंत थांबत नाही."

"यांना जरा समजावून सांगा तुम्ही," मालक टेम्पोवाल्याला म्हणाले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खांद्यापर्यंत हात घालून आडवं वासरू ओढून काढणारी बाई ती. या गृहस्थाला सरळ करायला तिला कितीसा वेळ लागला असता? पण खाली आई होती. डॉक्टरने आवाज चढू दिला नाही.

"काका, माझ्याशी बोला. घर मी घेतेय, भाडं मी देणार आहे."

"द्याल हो, नाही कुठे म्हणतोय," मालक हसले. "पण व्यवहार म्हटला की मध्ये एखादा जबाबदार माणूस असलेला बरा."

त्यांनी खिशातून किल्ली काढली. डॉक्टरने हात पुढे केला. किल्ली त्या हातावरून पलीकडे गेली आणि टेम्पोवाल्याच्या तळव्यावर पडली.

टेम्पोवाला खुर्चीतून उठलाच. "अहो काका, मी सामान घेऊन आलोय. यांना आज सकाळी पहिल्यांदा बघितलं मी. नावसुद्धा माहीत नाही मला यांचं."

"असू दे हो. तुमच्या शब्दावर देतोय."

"मी कुठे शब्द दिला?"

पण मालक निर्धास्त होऊन जिना उतरायला लागले होते.

टेम्पोवाल्याने चोरीचा माल परत करावा तशी, खाली मान घालून किल्ली पुढे केली. "घ्या ताई."

तिने ती घेतली. खाली येऊन टेम्पोचं दार उघडलं आणि आईला उतरवायला हात दिला.

"दिलं का गं बाई घर?" आईने विचारलं.

"दिलं," ती म्हणाली. "टेम्पोवाल्याला."