उद्या पाणी येणार नाही

त्या दुपारीही बाबांचा फोन आला. "चिमे, उद्या तुमच्याकडे पाणी येणार नाही. पिंप भरून ठेव."

"पालिकेत नोकरी लागलीय का तुम्हाला?"

"लागलीय की, बिनपगारी!"

"बाबा, पालिकेचा मेसेज मलाही येतो. कामात असताना नका ना फोन करू." आणि मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा झोपेतच गेले.

पंधरा दिवसांनी मी त्यांचं घर आवरत होते. शेजारच्या काकू दारात येऊन टेकल्या. "इथलं पाणी गेलं की तुझे बाबा बादली घेऊन आमच्याकडे हजर. मी म्हणायचे, अहो, तुम्हाला मेसेज येत नाही का? तर हसायचे. म्हणायचे, एका नंबरावर एकच विभाग नोंदवता येतो, तो मी लेकीचा नोंदवलाय."

तेवढ्यात टेबलावरच्या बाबांच्या फोनवर पालिकेचा मेसेज वाजला. उद्या माझ्या विभागात पाणी येणार नव्हतं.

काकू गेल्यावर मी तो फोन कानाला लावला.


"बाबा, मी थाप मारली होती. मला कधीच मेसेज येत नव्हता. फक्त तुमचा फोन यायचा."