भेटीची नोंदवही

तिच्या आई-बाबांच्या घटस्फोटाच्या खटल्यात हायकोर्टानं तिला भेटायला महिन्यातला एक शनिवार बाबांना दिला होता. कोर्टातल्या भेटीच्या खोलीत खुर्च्या लहान मुलांच्या, चिमुकल्या. बाबा गुडघे छातीशी घेऊन बसायचे आणि दरवेळी चिडवायचे, "कोर्टानं सांगितलं म्हणून आलीस ना?"

"नाहीतर काय. मला दुसरी कामं नाहीत?" तीही ठसक्यात म्हणायची.

मंगळवारी तिला अठरा वर्षं पूर्ण झाली आणि कोर्टाचा आदेश संपला. तरी शनिवारी पाय तिकडेच वळले. बाबा आता कशाला येतील, असं तिनं वाटेत मनाला शंभरदा बजावलं.

दारातल्या मावशींनी चष्मा वर सरकवला. "अगं, आता इथं यायची गरज नाही."

"माहितेय. नुसती डोकावते."

"डोकाव बाई. ते तासभर आधीच येऊन बसलेत. त्यांनाही हेच सांगितलं, पण ऐकतील तर शपथ."

तिनं नोंदवही पुढे ओढली. 'आदेश कोणाचा' या रकान्यात सहा वर्षं एकच उत्तर होतं, उच्च न्यायालय. आज बाबांच्या नावापुढे तो रकाना कोरा होता.

तिनं पेन उघडलं आणि तिथं ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'लेकीचा'.