रस्ता ओलांडताना

फेस्टन शाळेच्या उघड्या दारात नुसताच उभा होता.

"काका, आत या की. इथं कुणी हुकूम द्यायला बसलेलं नाही," टियामिके म्हणाली.

तो बावचळून आत शिरला. एकोणीस वर्षांच्या तुरुंगवासानंतर पाय आपणहून उंबरा ओलांडत नव्हते. सुटकेनंतरच्या त्याच्या चार महिन्यांवर टियामिकेनं फिल्म केली होती. आज ती त्याच्याच गावात, सरोवराकाठच्या शाळेत, खिडक्यांना चादरी लावून दाखवायची होती.

पहिल्या बाकावर एनेलेस बसली होती. वायसनची बायको.

वायसन आणि फेस्टन जाळ्यावरून भांडत भांडतच एका होडीतून गेले होते. परत आला एकटा फेस्टन. वादळात वायसन पाण्यात पडला, असं तो सांगत राहिला. प्रेत सापडलं नाही, तरी खुनाची शिक्षा झाली.

"हिला कशाला बोलावलंस?" त्यानं कुजबुजत विचारलं.

एनेलेसनं वळूनही पाहिलं नाही. "मीच आले. माझ्या नवऱ्याला बुडवणारा किती मजेत आहे, ते बघायला."

फिल्म सुरू झाली. पडद्यावरचा फेस्टन मक्याच्या उकडीचं, नसिमाचं ताट छातीशी धरून जेवत होता. संडासला जायची परवानगी मागत होता. लोक हसले. फेस्टनला कळेना, आपणही हसायचं की काय.

मग राजधानीचा बाजार आला. मिनीबसवाल्यांची ओरड, आणि भर रस्त्यात गोठून उभा राहिलेला तो. पांढऱ्या दाढीचा एक कांदेवाला टोपली टाकून धावला. हात धरून त्यानं त्याला पलीकडे नेलं. "जपून, फेस्टन," म्हणाला आणि कॅमेरा दिसताच तोंड फिरवून निघून गेला.

बायका डोळे पुसू लागल्या.

"माझं नाव तू सांगितलं होतंस त्याला?" फेस्टननं विचारलं.

"नाही. मला वाटलं, तुम्हीच सांगितलंत."

त्याला काही आठवेना. त्या दिवशी नुसते हॉर्न ऐकू येत होते. माणसाकडे मान वर करून पाहायची तर सवयच मोडली होती.

एवढ्यात एनेलेस ताडकन उठली. फेस्टननं खांदे आवळून घेतले.

"पोरी, मागं घे ते. थांबव तिथं."

दाढीवाल्याचा चेहरा पडद्यावर थांबला. एनेलेस अगदी जवळ गेली. बराच वेळ पाहत राहिली.

"मेल्या वायसन," ती म्हणाली, "जिवंत आहेस होय!"